धाकट्याच्या घरातले देव

माझ्या धाकट्या भावाच्या घरातली कुठली वस्तू कितीला आली, हे त्याच्यापेक्षा मला जास्त पाठ होतं. बोरीवलीला त्याच्याकडे फ्रिज आला तेव्हा मी आधी किंमत विचारली, मग दार उघडून बघितलं. सोफ्याची विचारली, मिक्सरची विचारली. रंगीत टीव्ही आला त्या दिवशी तर भांडुपला घरी पोचेपर्यंत मी त्या आकड्याला माझ्या पगाराने भागत होतो.

हे पाठांतर कामाला आलं ते त्याचा धंदा बुडाला तेव्हा. गिरण्यांना सूत गुंडाळायला लागणारी प्लॅस्टिकची बॉबिनं तो एका भाड्याच्या गाळ्यात बनवत असे. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत गिरण्या बंद पडल्या, त्याची बिलं अडकली, आणि कर्जाच्या कागदांवर सही त्याच्या एकट्याची. वकील म्हणाले, आता नादारीचा अर्ज करा. म्हणजे माझ्याकडे आहे ते एवढंच, यातून ज्यांचं देणं आहे त्यांना काय द्यायचं ते द्या, असं कोर्टाला सांगायचं. त्यासाठी घरातल्या सगळ्या सामानाची यादी हवी होती, आणि प्रत्येक वस्तूची आजची किंमत. मी एका कंपनीच्या गोदामात कारकून होतो, स्टॉक मोजणं हेच माझं काम. भाऊ म्हणाला, "दादा, तूच कर रे. बाहेरचा माणूस घरात नको."

मी रजा टाकून गेलो. इतक्या हौसेने मी त्याच्या घरी आधी कधीच गेलो नव्हतो.

"फ्रिज," मी म्हणालो. "दिवाळीच्या आधी घेतलेलास. साडेचार हजार."

"तुला कसं आठवतं रे? मलाच नाही आठवत."

"आता जुन्या बाजारात दीडच्या वर कोणी देणार नाही. दाराचं रबर गेलंय."

भावाची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "रबर गेलेलं नाही, भावोजी. जरा जोरात ढकलावं लागतं, एवढंच."

"म्हणजे गेलंय," मी म्हणालो आणि आकडा लिहिला.

जुन्या बाजाराचा भाव लिहा, असं वकिलांनीच सांगितलं होतं. त्यामुळे मी खोटं काही लिहीत नव्हतो. पण प्रत्येक आकडा खाली उतरवताना जी गोडी लागत होती, ती माझी स्वतःची. टीव्ही अर्ध्यावर आणला. सोफ्याचं कापड उसवलेलं शोधून काढलं. स्वयंपाकाची भांडी, अंथरुणं आणि अंगावरचे कपडे कायद्याने सोडायचे होते, ते जरा नाखुशीनेच सोडले.

भाऊ सोफ्याच्या हातावर बसून म्हणाला, "माझी पण लाव की किंमत. आहे त्या कंडिशनमध्ये."

"वापरलेला माल," त्याची बायको आतून म्हणाली. "वर पैसे दिले तरी कोणी उचलणार नाही."

दोघंही हसली. मीही हसलो, पण आतून चिडलो. घर जायची वेळ आली तरी ही माणसं एकमेकांची मस्करी करत होती. आमच्या घरी बोनसच्या महिन्यातही कोणी असं हसत नसे. त्या हसण्याची किंमत मला ठाऊक नव्हती. ते कुठे विकत मिळत नव्हतं.

आई आतल्या खोलीत देव्हाऱ्यासमोर वाती वळत बसली होती. वडील गेल्यावर ती भांडुपला माझ्याकडे आली होती. थोरला मी, देवही माझ्याकडेच यायचे होते आणि आले होते. कुलदेवतेचे चांदीचे टाक, तिने माहेरून आणलेली अन्नपूर्णा, बाळकृष्ण. काही महिने राहिली. मग एकदा बोरीवलीला म्हणून गेली ती तिकडेच राहिली, आणि पुढच्या खेपेला येऊन देवही घेऊन गेली. "थय गॅलरी आसा, उन्हात बसाक मेळता," एवढंच आपल्या मालवणीत बोलली. गॅलरीसाठी कोणी आपले देव हलवत नाही, हे मला कळत होतं. फ्रिज आणि टीव्ही मी एक वेळ सोसले असते. हे मात्र माझ्या घशात अडकून होतं.

वकिलांना मी भावाच्या नकळत विचारून आलो होतो. ते म्हणाले होते, "देव तुमच्या आईंचे. ते अर्जदाराच्या मालकीचेच नाहीत. यादीत घालू नका."

मी देव्हाऱ्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "हे पण लिहावे लागतील. चांदी आहे. कोर्टाचा माणूस आला तर उचलून नेईल."

भावाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "देव पण, दादा?"

"कायदाच आहे तसा. त्यापेक्षा मी भांडुपला नेतो. देव थोरल्याकडे असतात, कोणी काही विचारणार नाही."

माझा हिशेब सरळ होता. पूजा केल्याशिवाय आई तोंडात पाणी घेत नसे. देव जिथे, तिथे ती. देव निघाले की तीही पिशवी भरणार.

आईने वाती बाजूला ठेवल्या. एकेक टाक उचलला, कपाळाला लावला आणि आपल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला. पुरचुंडी माझ्या हातात देऊन म्हणाली, "आजची पूजा झाली हा. उद्या तू कर. नीट सांभाळून व्हर."

"तुझी पिशवी?"

"माझी कित्याक?"

"देव नसलेल्या घरात कशी राहशील गं?"

"घर बसला हा ह्येंचा," ती म्हणाली. "आता म्हातारी पण उठान गेली तर ह्या पोरीन कोणाच्या तोंडाकडे बघूचा?"

मग तिने पानाच्या डब्यातून एक सुपारी काढली, धुतली, रिकाम्या देव्हाऱ्यात चार अक्षतांवर ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडले. त्या घराला पुन्हा देव मिळायला एवढाच वेळ लागला.

मी भांडुपला आलो. बायकोने पुरचुंडी उघडून बघितली. "आणि आई?"

"नाही आली."

"मग हे कशाला आणलेत?" ती म्हणाली.

पुढे फ्रिज गेला, टीव्ही गेला, घरही गेलं. भाऊ दहिसरला एका खोलीत राहायला गेला, आई त्यांच्याबरोबर. मी जायचो तेव्हा सवयीने चारी भिंतींवर नजर फिरवायचो. हेवा करावा असं तिथे काही उरलं नव्हतं. मग नजर त्या सुपारीवर जाऊन थांबायची. रोजच्या कुंकवाने ती लालभडक झाली होती, आईच्या बोटांनी गुळगुळीत. माझ्या घरी चांदी घासून लख्ख केलेले देव होते आणि मी एका सुपारीवर जळत होतो. अर्जाचं काम संपलं तेव्हा देव परत देता आले असते. भाऊ स्वतःहून मागेल म्हणून वाट बघत राहिलो. तो मागायला आला नाही. आईनेही कधी विचारलं नाही की पूजा करतोस की नाही.

आई दहिसरलाच वारली. दिवसकार्य आटोपल्यावर मी म्हणालो, "सुपारी मला दे. देव माझ्याकडे आहेत, सगळं एकत्र राहू दे."

भाऊ मान हलवत हसला. "ती नको मागूस, दादा. ती यादीत नव्हती."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. देवही यादीत नव्हते, हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण चहा आला आणि मी कप हातात घेतला.

आता बोलतो, धाकट्या. वकिलांनी देव यादीत घालायचेच नाहीत असं सांगितलं होतं. कोर्टातून कोणीही येणार नव्हतं. तुझ्या घरातून ते मी उचलले, आई मागोमाग येईल म्हणून. लुगड्याचा तो तुकडा मी ठेवला आहे, त्यातच बांधून देव घेऊन येतो. सुपारी मागणार नाही. देव तिच्या शेजारी ठेव. मी समोर बसलो की माझी नजर आधी तिच्याकडेच जाईल, तेवढं मात्र चालवून घे.