रंगवलेली वेस

कर्जतचे आर्किटेक्ट अजिनाथ तोरडमल यांचा जन्मभर एकच हट्ट: आपल्या मुलखातलं बांधकाम आपल्याच काळ्या दगडात, जुन्या धाटणीचं व्हावं. त्यापायी गिऱ्हाइकं पळाली. म्हातारपणी शेजारच्या गावाने वेस बांधायला दिली, तेव्हा कुठे जिवाचं सार्थक वाटलं.

उद्घाटनाला जाऊन पाहतात तर घडीव दगडांवर चॉकलेटी ऑइलपेंट, आणि त्यावर पांढऱ्या रेघा मारून काढलेले खोटे दगड! काय म्हणावं या अकलेला?

"आता कशी अस्सल दगडाची वाटती, सर!" सरपंच खुशीत म्हणाले. "कोनशिलेवरचं तुमचं नाव तर सोनेरी केलंय."

तोरडमलांनी उरलेल्या रंगाच्या डब्यात ब्रश बुचकळला आणि आपल्या नावावर फासला.

"अहो सर, नाव गेलं की!"

"तेवढंच या रंगाने बरं काम केलं."