गुरुवारी डबलसीट

कंटेनरच्या पुढच्या चाकाखाली विहीणबाईंचं लुगडं होतं आणि त्या लुगड्यात विहीणबाई आहेत की नाहीत, ते मला दिसत नव्हतं. मी सायकलखाली पडले होते. डावा हात अंगाखाली दुमडला होता. तो आता कामाचा राहिला नाही, हे न बघताच कळलं. समोर टायर, टायरखाली हिरवं लुगडं, बाकी धूळ.

ड्रायव्हर वरून ओरडत होता, "माताजी, हट जाओ, गाडी पीछे लेता हूँ."

"हलवलीस तर बघ," मी म्हणाले. मराठीत म्हणाले, पण त्याला कळलं. तो इतका घाबरला होता की गाडी पुढे गेली असती का मागे, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मग टायरच्या पलीकडून आवाज आला. "मी हितं हाव. पदर आडकलाय. फाडा तेवढा."

मी सरपटत पलीकडे गेले. विहीणबाई कुशीवर पडल्या होत्या. भुवईतून रक्त येत होतं आणि पदर टायरखाली इतका ताणला होता की त्यांना मान उचलता येत नव्हती. चाक आणि त्यांचं डोकं यांत जेमतेम एक वीत जागा. मी एका हातानं पदर धरला, दातानं काठ तोडला आणि फाडत नेला.

"हळू. नवं हाय," त्या म्हणाल्या.

"गप पडा," मी म्हणाले.

विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेची आई. लातूरकडच्या एका गावात राहतात. उन्हाळ्यात तिथं टँकरवर भागवावं लागतं, म्हणून मार्च संपला की त्या आमच्याकडे चिखलीला येतात आणि जून लागला की जातात. मुलाची आई आणि मुलीची आई दोन महिने एका घरात राहिल्या की काय होतं, ते सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या वर्षी आमचंही तेच झालं. भाजीतलं मीठ, पंख्याचा वेग, टीव्हीचा आवाज, कशावरूनही. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, दुपारी भट्टी. सून दोघींच्या मधे उभी राहून दोघींची समजूत काढायची आणि मग मोरीत जाऊन भांडी आपटायची. एका सकाळी मला त्यांचा इतका राग आला की घरात ठेवण्यापेक्षा बरोबर न्यावं असं वाटलं. मी म्हणाले, "चला, बसा मागं." त्या बसल्या.

सायकल नातीची. तिला स्कूटी मिळाली आणि सायकल जिन्याखाली पडली. तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते. बुद्धविहाराच्या पटांगणात पहाटे शिकले. पडले, उठले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. नवऱ्यानं आयुष्यभर त्याच्या सायकलीला हात लावू दिला नव्हता. बाईमाणूस बसलं की सायकलीची चाल बिघडते म्हणायचा. नातीच्या सायकलीची काही बिघडली नाही.

मी सायकलवर कुठं जात नाही. लोकांना हेच सहन होत नाही. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी विचारणार, "कुठं निघालात आजी?" मी म्हणते, "कुठं नाही." मग तो माणूस हसतो. त्याला वाटतं मी लपवते आहे. दळण आणायला निघाले असते, दूध आणायला निघाले असते, तर याच लोकांनी कौतुक केलं असतं, या वयातही बघा किती राबतात. म्हातारीनं मजेसाठी अर्धा तास घालवला की मात्र पोटात दुखतं. रविवारी टोपी आणि चड्डी घालून सायकलवाले साहेब लोक मोशीकडे जातात. त्यांना कुणी विचारत नाही, काय काम काढलंत म्हणून.

आमचा दिवस गुरुवार. आमच्याकडच्या कंपन्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. बाहेरच्यांना हे समजत नाही. त्या दिवशी एमआयडीसीतले रस्ते मोकळे असतात. गेट बंद, कंटेनर नाहीत, कामगारांच्या बस नाहीत. वॉचमन खुर्चीत झोपलेला आणि झाडाखाली कुत्री. एका रस्त्याला उजव्या बाजूनं मोठी झाडं आहेत. सकाळी सात वाजताच ऊन टोचायला लागतं आणि सावली पडते ती उजव्या अंगाला. म्हणून आम्ही उजव्या अंगानं जायचो. उलट्या बाजूनं, डबलसीट. विहीणबाई मागं बसून बोलत राहायच्या. गावात कोण कुणाशी बोलत नाही, कुणाच्या लग्नात मटण कमी पडलं. चढ आला की म्हणायच्या, "उतरू का?" मी म्हणायचे, "बसा." त्यांचं वजन फार नाही, बोलणंच जास्त.

तो गुरुवार मात्र सुट्टीचा नव्हता. जयंतीची सुट्टी पोरांनी कंपनीत भांडून घेतली होती आणि बदल्यात एक गुरुवार भरून द्यायचा ठरला होता. मुलानं मला हे सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं. त्याच सुट्टीत आम्ही सगळे मिरवणुकीला गेलो, खीर खाल्ली, विहीणबाईंना लुगडं घेतलं. सुट्टी लक्षात राहिली, भरपाई विसरले. म्हणजे चूक माझी. गेट उघडं दिसलं तेव्हाच कळायला हवं होतं. कंटेनरचं तोंड गेटातून बाहेर आलं, मी ब्रेक दाबला आणि आम्ही आडव्या झालो. ड्रायव्हरनं गाडी थांबवली म्हणून एवढ्यावर निभावलं. त्या माणसाचा यात काही दोष नव्हता, हे मी तिथं जमलेल्यांना सांगितलं, कारण दोघंजण त्याला मारायला निघाले होते.

दवाखान्यात माझ्या मनगटाला प्लॅस्टर घातलं आणि विहीणबाईंच्या भुवईला चार टाके घातले. डॉक्टर तरुण होता. लिहिता लिहिता त्यानं विचारलं, "कशासाठी गेला होतात तिकडे?"

"फिरायला."

"नाही, म्हणजे काम काय होतं?"

"काम नव्हतं."

त्यानं पेन थांबवलं आणि माझ्या मुलाकडे बघितलं. मुलानं मान खाली घातली. हात मोडला याची त्याला काळजी होती, पण लाज होती ती या उत्तराची.

घरी आल्यावर सून रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "आत्या, माझी आई पाण्यापायी इथं येते. मरायला नाही येत."

मी प्लॅस्टरचा हात मांडीवर घेतला.

मग ती म्हणाली, "शेजारीपाजारी विचारतील. मी सांगते की बीपीची गोळी आणायला गेला होतात. तुम्हीही तेच सांगा."

"नाही सांगणार."

"का? काय जातं तुमचं?"

"गोळीसाठी पडले असते तर चाललं असतं का तुला? तेवढाच हात मोडला असता."

"असं उलटं बोलू नका."

"सरळच बोलते आहे. चूक केली ती उलट्या बाजूनं गेले ही. फिरायला गेले ही चूक नाही. पहिली कबूल करते, दुसरी नाही."

सून तिच्या आईकडे वळली. "तू तरी सांग, आई. तुला यांनी ओढून नेलं ना?"

विहीणबाई पट्टी सांभाळत चहा पीत होत्या. म्हणाल्या, "मी काय शेळी हाव का ओढून न्यायला? माझ्या पायानं गेले." मग बशी खाली ठेवून म्हणाल्या, "तिकीट काढू नगंस. मी जून लागल्याबिगर जाणार न्हाई."

सुनेनं खरंच त्यांच्या परतीच्या गाडीचं बघायला सुरुवात केली होती. आम्हाला दोघींना ते ठाऊक नाही असं तिला वाटत होतं.

मुलानं त्या संध्याकाळी सायकल जिन्याच्या लोखंडी खांबाला साखळीनं बांधली, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. मला म्हणाला, "आई, झालं आता. वय बघ जरा." चांगला मुलगा आहे. दोन शिफ्ट करून घर चालवतो. पण माझी सायकल बांधायचा अधिकार त्याला कुणी दिला नव्हता. प्लॅस्टर होतं तोवर मी काही बोलले नाही. प्लॅस्टर निघाल्यावर एकदा किल्ली मागितली. तो म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू."

या वयात पुढचं वर्ष हा काही वायदा होत नाही.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर मी कोपऱ्यावरच्या वर्कशॉपमध्ये गेले आणि हँड ग्राइंडर मागितला. मालक म्हणाला, "मावशी, काय कापायचंय ते सांगा, पोरगा येऊन कापून देईल."

"ग्राइंडर तुझ्या जन्माआधीपासून धरते आहे मी," मी म्हणाले. खरं होतं. बावीस वर्षं मी अशाच एका शेडमध्ये कास्टिंगच्या कडा घासल्या. त्यानं ग्राइंडर दिला, वर चष्मा दिला. विहीणबाईंनी वायर जिन्यापर्यंत ओढून आणली. मनगट अजून दुखत होतं, म्हणून साखळी त्यांनी ताणून धरली, दोन हात लांबून, तोंड फिरवून. ठिणग्या उडाल्या. वरून दोन बायका बघत होत्या. सून दारात येऊन उभी राहिली. साखळी तुटली. मग तिनं आत जाऊन चहा टाकला. संध्याकाळी नवऱ्याला तिनंच सांगितलं, "तुम्ही त्यांच्या नादी लागू नका. पण आईला मागं बसवायचं, एवढं मात्र मी चालू देणार नाही."

"बरोबर हाय तिचं," विहीणबाई म्हणाल्या. "मागं बसून लई झालं. मला शिकवा."

मी शिकवलं. विहाराच्या पटांगणात, त्यांच्या गावी जायच्या आधीच्या आठ दिवसांत. फार वाईट चालवतात. वळताना थांबतात, उतरतात, सायकल हातानं वळवतात आणि पुन्हा बसतात. लुगड्याचा पदर कमरेला दोनदा खोचतात. गुरुवारी मी आधी मुलाला विचारते, आज सुट्टी आहे ना, आणि मग निघते. डाव्या बाजूनं जाते. तिकडं सावली नाही, डोकं तापतं, ओला रुमाल बांधते. कशाला जाता म्हणून अजूनही विचारतात. मी अजूनही गोळीचं नाव सांगत नाही.

कंटेनर आला त्या सकाळी त्या रस्त्यावर काहीही काम नसताना दोन म्हाताऱ्या एका सायकलवर होत्या. एक चिखलीची, वय एकाहत्तर. एक लातूरकडची, वय अडुसष्ट. दोघी जिवंत आहेत.