हात केला की थांबणारी गाडी

नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेऊ नये म्हणतात. मी घेते. नत्थू धकाते. आम्ही कोष्टी, सारं खानदान मागावर बसणारं. पण या माणसाले लहानपणापासून धाग्यापेक्षा रुळाचंच वेड. रेल्वेच्या छोट्या लाइनीवर खलाशी म्हणून लागले अन् ड्रायव्हर होऊन रिटायर झाले. मंग मोठी लाइन आली, छोटी उखडली. उमरेडच्या बाजूले आमच्या गावापासून तळ्यापर्यंतचा तेवढा तुकडा सरकारनं जपून ठेवला, रविवारी लोकायले फिरवाले. ते जुनं इंजिन चालवाले माणूस भेटेना, तं यायलेच बोलावलं. बुढा असा खूश, जसं काही दुसरं लगन ठरलं!

छोट्या लाइनीची एक रीत होती. दूधवाला, भाजीवाली, माहेरी निघालेली पोरगी, कोणीबी वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरून हात केला की हे गाडी थांबवत. फक्त मले सोडून. नवी नवरी होती तवा मी हात केला, तं भोंगा वाजवून पुढे! घरी आल्यावर भांडली, तं म्हणे, "सरकारची गाडी हाय वं. घरच्या माणसासाठी थांबवली तं लोक काय म्हणतीन?" असा राग आला होता म्हणून सांगू! तवापासून मी हात करणंच सोडलं.

मागच्या हिवाळ्यात खबर आली, गाडी बंद करून रूळ भंगारात देणार. कमाई नाही म्हणे. मी तडकली. अरे, कोणाची कमाई पाहून राहिले तुम्ही? तिकिटात भागत नसन, पण स्टेशनावर रंभाबाईची कोथिंबिरीची सांबारवडी त्याच गाडीच्या भरोशावर खपते. गावातले बंद पडलेले माग या गाडीमुळंच पुन्हा चालू झाले. नागपूरच्या धरमपेठेतल्या बाया येतात, मागासमोर बसून पाहतात अन् साडी घेऊनच उठतात. ते कोणत्या हिशेबात धरता? आमच्या बुढ्याचं तं जेवणच तुटलं. "गाडी गेली तं मी काय करू वं?" असं सारखं विचारत.

शेवटी रेल्वेच्या एक मोठ्या मॅडम गाडी पाहाले येणार ठरलं. त्या म्हणतीन तसा फैसला. आमचे सरपंच विश्वनाथभाऊ, त्यायनं फर्मान काढलं: साऱ्यायनं रुळाच्या बाजूनं उभं राहाचं अन् हात उंच करून मॅडमचं स्वागत कराचं.

झालं! मी तळ्याच्या बांधावर होती, तिथून सारी लाइन दिसे. गाडी सुटली. पहिल्याच धुऱ्यावर पोट्ट्यायनं हात वर केले. यायनं ब्रेक मारला. पुढे बाया उभ्या, हात वर. पुन्हा ब्रेक! मंग लोकायनं सांगितलं, विश्वनाथभाऊ डब्यातून बोंबलून राहिले होते, "अरे नत्थू, ते स्वागत हाय गा, थांबू नको!"

"हात केल्यावर मी कसा जाऊ?" यायचा एकच हेका.

मी कपाळावर हात मारला. गेली गाडी, म्हटलं, बुढ्यानं सोताच्या हातानं बुडवली.

पण गाडी थांबली की माणसं गप थोडीच बसतात? कोणी मॅडमले बोरं दिली, कोणी घरातला माग दाखवाले ओढून नेलं. रंभाबाई गरम सांबारवडीची टोपली घेऊन चढली ते उतरेचना. नागपूरवरून आलेले लोक जिथं तिथं उतरून हिंडले अन् पिशव्या भरून चढले. गाडी तळ्याले पोचली तवा ऊन कललं होतं, अन् मॅडमच्या मांडीवर साडीचं पुडकं होतं.

त्या इंजिनापाशी आल्या. "इतक्या वेळा का थांबलात हो?"

यायनं टोपी काढली. "मॅडम, गाडी सरकारची, म्हणजे या लोकायचीच. मालकानं हात केला तं थांबाच लागते."

मॅडम हसल्या अन् पुडकं सांभाळत डब्यात जाऊन बसल्या. किती दिवस आमचा जीव टांगणीले! मंग हुकूम आला: गाडी राहीन, अन् वाटेत जो हात करीन त्याच्यासाठी थांबन. तसा बोर्डच लागला स्टेशनावर. बोर्ड वाचून हे रडले. मीबी रडली, काहून लपवू?

पुढच्या रविवारी मी हिरवं पातळ नेसली अन् धुऱ्यावर जाऊन उभी राहिली. गाडी आली. मी हात केला. भोंगा वाजला. गेला वाटते बुढा, म्हटलं! पण चाकं करकरली अन् गाडी माह्यासमोर येऊन थांबली. यायनं खिडकीतून मान काढली, तोंड असं साहेबावानी.

"तिकीट काढलं का वं?"

पदराची गाठ सोडून मी तिकीट दाखवलं. "काढलं! सरकारची गाडी हाय. घरच्या माणसाले फुकट बसवलं तं लोक काय म्हणतीन?"