चिटणीसबाईचा हात

विभागीय ग्रंथपाल संघाचं चिटणीसपद कुणी मागून घेत नसे, ते कुणाच्या तरी गळ्यात पडे. त्या वर्षी ते जिच्या गळ्यात पडलं, ती वार्षिक सभा चालू असताना चहाचं बघायला म्हणून जरा बाहेर गेली होती. परत आली तर टाळ्या वाजत होत्या आणि सगळे तिच्याकडेच बघत होते. त्या दिवसापासून ती सगळ्यांची चिटणीसबाई झाली.

एका मध्यम गावच्या वाचनालयात ती ग्रंथपाल होती. नवरा घरातच मागच्या खोलीत दातांच्या कवळ्या बनवायचा. जेवायच्या टेबलावर ताटं मांडायची तर आधी वाळत घातलेले प्लास्टरचे जबडे उचलावे लागत. संघाबद्दल त्याचं मत काही बरं नव्हतं. "तुमच्या संघाला ठराव करता येतात, चावता येत नाही," तो म्हणायचा. "एक कवळी देऊ का बसवून?"

ती हसून सोडून द्यायची. पण काम अंगावर घेतलं की ते अर्धवट टाकणं तिच्या स्वभावात नव्हतं. उन्हाळ्यात तिने आपल्या वाचनालयात पुस्तकं दुरुस्त करायचं शिबिर भरवलं. शिकवायला बोलावलं ते आपल्या धाकट्या मावशीला.

ही मावशी नदीपलीकडच्या दगडखाणीच्या वस्तीवर वाचनालय चालवायची. लग्न केलं नाही, बदली मागितली नाही, आयुष्य तिथेच काढलं. चिटणीसबाई शाळेत असताना सुट्टीभर तिच्याकडे राहायची आणि पुस्तकांच्या कपाटांमधल्या बोळात पोटावर पडून वाचायची. ती ग्रंथपाल झाली ती मावशीमुळेच. शिबिरात मावशीने पदव्या घेतलेल्या मंडळींना खळ शिजवायला बसवलं आणि गुठळ्या झालेली पातेली एकेकाच्या नाकाखाली धरली. "हिने पुस्तक चिकटणार नाही, तुम्हीच चिकटाल," म्हणाली. सगळे पोट धरून हसले. संघाच्या त्या वर्षातलं हसणं तेवढंच.

पावसाळा सरता सरता वरच्या कार्यालयाचं पत्र आलं. खर्च झेपत नाही, विभागातली तीन छोटी वाचनालयं मोठ्यांत विलीन करायची आहेत. संघाने निषेधाचा ठराव केला, शिष्टमंडळ नेलं. शिष्टमंडळाला बराच वेळ बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं आणि मग साहेबांनी अगदी गोड बोलून विचारलं, तुमच्याइतकी माहिती आम्हाला कुठे? कोणती तीन, ते तुम्हीच सांगा ना.

संघाचे अध्यक्ष एका महाविद्यालयाचे ग्रंथपाल होते. इस्त्रीचा सदरा आणि त्याहून इस्त्रीची भाषा. परतीच्या वाटेवर ते म्हणाले की हा संघाचा मान आहे. आपण नाही ठरवलं तर ते डोळे मिटून कुठेही कात्री चालवतील. चिटणीसबाईला ते पटलं. पटलं नसतं तर पुढचं सगळं टळलं असतं असं नाही, पण तिला पटलं होतं हे खरं.

कार्यकारिणी पाच जणांची. बैठक महाविद्यालयातल्या संदर्भ विभागात भरली. पहिली दोन नावं चटकन ठरली. एका वाचनालयाचं छप्पर बसलं होतं, दुसऱ्याला गेली कित्येक वर्षं ग्रंथपालच नव्हता. तिसऱ्यापाशी गाडं अडलं. एक होतं मोठ्या दवाखान्यासमोरचं, जिथे रुग्णांचे नातेवाईक येऊन बसत. दुसरं खाणीवरचं.

"खाणीवरची ग्रंथपाल माझी सख्खी मावशी आहे," चिटणीसबाईने आधीच सांगून टाकलं. "मी मत देत नाही."

दोन मतं इकडे, दोन तिकडे पडली. अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाई, तुम्ही मत दिलं नाही तर दोन्ही नावं वर जातील," ते म्हणाले. "आणि ते दोन्ही बंद करतील."

ती खिडकीकडे बघत राहिली. दवाखान्यासमोरचं वाचनालय तिने पाहिलं होतं. ऑपरेशन चालू असताना माणसं तिथे पुस्तक उलटं धरूनसुद्धा बसायची. ते बंद करणं तिला बरोबर वाटेना. पण त्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, आणि ती तिला त्याच क्षणी जाणवली होती. मावशीला वाचवलं तर उद्या लोक काय म्हणतील, ही भीती. दोन्हींतलं जास्त जड कोणतं, हे तिला पुढेही कधी उकललं नाही. तिने दवाखान्याच्या बाजूने हात वर केला.

पत्र जाण्याआधी आपण सांगावं म्हणून दुसऱ्याच दिवशी ती खाणीवर गेली. वजनकाट्याच्या वरच्या मजल्यावर ती एकच लांब खोली. खाली दगडांचा ट्रक उभा राहिला की वर कपाटांच्या काचा थरथरत. दाराशी नळ होता, हात धुतल्याशिवाय मावशी कुणाला पुस्तकाला शिवू देत नसे. त्या वेळी खडी फोडणाऱ्या दोन बाया बाकावर बसल्या होत्या आणि मावशी त्यांना मोठ्याने वाचून दाखवत होती. चिटणीसबाई पान संपेपर्यंत उभी राहिली. बाया गेल्यावर तिने सगळं सांगितलं, मतासकट.

मावशी ओल्या फडक्याने पुस्तकांवरची पांढरी धूळ पुसत ऐकत होती.

"तू हात वर केलास?"

"हो."

"उजवा की डावा?"

चिटणीसबाईला हसावं की रडावं कळेना. मावशीने फडकं पिळलं आणि दांडीवर नीट पसरून घातलं.

"बघून बंद करा म्हणाली असतीस तरी चाललं असतं मला," ती म्हणाली. "पण पाच जणांपैकी एक तरी माणूस इथे येऊन बघून गेला का? तू आलीस ती आज. ठरवून झाल्यावर."

मावशीने तिला चहा करून दिला, परतीच्या बसची वेळ सांगितली आणि जिन्यापर्यंत सोडायला आली. रागावली असती तर बरं झालं असतं, असं चिटणीसबाईला वाटत राहिलं.

थंडीत वाचनालय उठलं. पुस्तकं बांधायला संघाकडून ती एकटीच गेली. मावशीने प्रत्येक गठ्ठ्यावर विषय लिहिला, मोठी पुस्तकं खाली, छोटी वर. ज्यात ते विलीन झालं त्या मुख्य ग्रंथालयात सगळं तळघरात भिंतीला लावून ठेवलं, नंतर कपाटांत लावू म्हणून. मावशीलाही तिथेच काम दिलं, तळघरातच, टेबल आणि एक दिवा. नंतर लावू ते नंतर आलंच नाही. भिंतीला ओल होती. खालच्या गठ्ठ्यांना आधी बुरशी आली, मग वाळवी लागली. मावशीने वर जाऊन सांगितलं, परत सांगितलं, मग सांगायचं सोडलं. एका रविवारी खडी फोडणारी एक बाई दोन बस बदलून पुस्तक मागायला आली. दारावर तिच्याकडे राहत्या पत्त्याचा पुरावा मागितला. खाणीवरच्या झोपडीला कसला पत्ता? मावशी वर येईपर्यंत ती निघून गेली होती. दुसऱ्या दिवसापासून मावशी कामावर गेली नाही.

वर्ष संपलं, वार्षिक सभा आली. अहवाल चिटणीसबाईनेच लिहिला होता. शिबिर, व्याख्यानं, नवे सभासद, शिष्टमंडळ. अध्यक्षांनी तो तपासताना 'बंद' हा शब्द खोडून 'विलीनीकरण' केला होता. वाचताना ती तिथे अडखळली.

"विलीन नाही," ती म्हणाली. "बंद झाली. आपणच नावं काढून दिली. आणि खाणीवरचं तर न बघता."

सभागृहात कुणीतरी खाकरलं. अध्यक्षांनी शांतपणे सांगितलं की चिटणीसबाईंच्या भावनांची नोंद घेण्यात येत आहे, आणि अहवाल मंजूर झाला. चहाच्या वेळी तिच्याजवळ कुणी आलं नाही. वाईट कुणी वागलं नाही, फक्त जो तो दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होता. पद तिने सोडलं. ते दाराजवळ बसलेल्या एका नव्या माणसाच्या गळ्यात पडलं.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, तिने सांगितलं. या वेळी त्याने कवळीची थट्टा केली नाही. टेबलावरचे जबडे उचलले आणि तिला ताट वाढलं.

पुढच्या पावसाळ्याच्या आत दवाखान्यासमोरचं वाचनालयही गेलं. त्या वेळी संघाला कुणी विचारलंसुद्धा नाही. तिथे आता गाड्या लावतात.

चिटणीसबाई अजून आपल्या वाचनालयात आहे. सुट्टीच्या दिवशी मावशीकडे जाते. मावशी दार उघडते, गुडघ्यांचं सांगते, शेजारणीच्या मुलीचं जमलं ते सांगते, भाजी निवडायला घेते. चिटणीसबाई मेथीची जुडी आपल्या पुढ्यात ओढते. एकदा तिने पिशवीतून नवीन आलेलं एक पुस्तक काढून टेबलावर ठेवलं.

"घेऊन जा," मावशी म्हणाली, वर न बघता. "मी वाचत नाही हल्ली."

तिने ते परत पिशवीत ठेवलं, आणि दोघी भाजी निवडत राहिल्या.