ताईचा अर्धा ग्लास

आमच्या भाऊजींचं ज्यूसचं दुकान होतं, पण ‘कसं झालंय?’ असं त्यांनी गिऱ्हाइकाला जन्मात कधी विचारलं नाही. परत आलेला ग्लास उजेडात धरायचे आणि तळ बघायचे. घोटभर जरी उरलेलं दिसलं, तरी दिवसभर तोंड पाडून बसायचे. माणूस तोंडदेखलं बोलतो, ग्लास बोलत नाही, असं त्यांचं ठाम मत. मी त्यांची टिंगल करायचे. ताई मला दटावायची.

मग ताईच्या अन्ननलिकेत गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, दीड महिन्यात तीन किलो वजन वाढवा, तरच ऑपरेशन झेपेल. घास उतरत नव्हता, घोट घोट काय जाईल तेवढंच. भाऊजींनी दुकानाला कुलूप लावलं आणि तिथला मोठा मिक्सर घरच्या ओट्यावर आणून ठेवला. घरात कधी पाण्याचा पेला हातानं भरून न घेणारा माणूस तो!

पिकलेली केळी, आंबा, भिजवलेले खजूर, सोललेले बदाम, सायीसकट दूध. पाण्याचा थेंब नाही.

"लोक याला स्मूदी म्हणतात आणि दुप्पट पैसे मोजतात," ते ताईला म्हणायचे. "तुला फुकट. बायको असण्याचा एवढा तरी फायदा!"

ताई हसायची. मी रोज दुपारी तिच्याजवळ बसायला जायचे. पहिला आठवडा तिनं नीट घेतलं. मग एके दिवशी अर्ध्यावर थांबली. गिळताना डोळ्यांतून पाणी येत होतं. तिनं मला खोलीचं दार लावायला लावलं आणि ग्लास माझ्यापुढे केला.

"तू पी."

"वेड लागलंय का तुला?"

"हळू बोल. उरलेलं बघितलं तर हाय खातील ते. आजच्या दिवस पी गं."

आजच्या दिवस म्हणता म्हणता महिना गेला. अर्ध्याचा पाऊण ग्लास झाला. आणि खरं सांगते, इतकं चवदार मी आयुष्यात काही प्यायले नव्हते. त्याची मला अजून लाज वाटते. भाऊजी रिकामा ग्लास खिडकीशी नेऊन बघायचे, खूश व्हायचे आणि दुसऱ्या दिवशी दोन बदाम जास्त घालायचे.

दीड महिन्यानं ताईला काट्यावर उभं केलं. वजन दोन किलोनं उतरलं होतं. ऑपरेशन झालं नाही. त्यानंतर ताई जेमतेम पाच आठवडे होती. माझे कपडे मात्र मला घट्ट व्हायला लागले होते.

दुकान पुन्हा उघडलं नाही. परवा गेले, तर भाऊजी मिक्सर पुसून खोक्यात भरत होते.

"माझंच काहीतरी चुकलं," ते म्हणाले. "सगळं तर पीत होती बिचारी. मग अंगी का नाही लागलं? दूध पातळ होतं का गं? की केळी कच्ची निघाली?"

"नाही हो भाऊजी. दूध घट्ट होतं, केळी पिकलेली होती. कशातच काही कमी नव्हतं."

"तुला काय माहीत?"

सांगितलं असतं, तर त्यांच्या मनावरचं हे ओझं तरी उतरलं असतं. पण मग रोज दुपारी त्या बंद दाराआड आम्ही दोघी बहिणी काय करत होतो, तेही सांगावं लागलं असतं. मी दोरी घेतली आणि त्यांना खोकं बांधून दिलं.