बरं वाटलं तरी गोळी सोडायची नाही

डॉ. सुमतीबाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या कंपाउंडरनेही लिहावे, असा समितीचा आग्रह पडला. बाईंच्या शांत स्वभावाविषयी इतर मान्यवर लिहितीलच. मला तो फारसा पाहायला मिळाला नाही.

जळगाव जामोदला त्यांच्या दवाखान्यात मी नोकरी मागायला गेलो, तेव्हा बाई एका रुग्णावर कडाडत होत्या, "गोळ्या सोडायला कोणी सांगितलं तुम्हाला?" समोर बसलेले वरवट बकालचे बागाईतदार महादेवभाऊ शांतपणे म्हणाले, "बाई, मले बरं वाटून राह्यलं. मंग काऊन खाऊ?" बाईंनी कपाळाला हात लावला आणि त्याच हाताने मला आत येण्याची खूण केली.

दम्याच्या रुग्णांनी बाईंचा जेवढा अंत पाहिला, तेवढा कोणीच पाहिला नसेल. एकाने आपल्या गोळ्या खोकणाऱ्या व्याह्यांना देऊन टाकल्या. सुईशिवाय औषध असते, हेच कित्येकांना पटत नसे. दमा शांत असला म्हणजे गेलेला नसतो, हे बाई प्रत्येकाला नव्याने सांगत. रुग्ण मान डोलावत, आणि धाप लागली की पुन्हा बैलगाडीतून येत.

एका दुपारी महादेवभाऊंना असेच आणले. ओठ निळे पडले होते, शब्द फुटत नव्हता. बाईंनी शिरेतून सावकाश इंजेक्शन दिले आणि श्वास ताळ्यावर येईपर्यंत त्यांचा हात सोडला नाही. मग मात्र बाईंचा पारा चढला. "गोळ्या कुठे आहेत?"

भाऊंनी तोंड भिंतीकडे फिरवले. शेवटी त्यांची मुलगी शांता म्हणाली, "बाबानं विहिरीत फेकल्या, बाई. माह्या सोयरिकीची गोष्ट चालू हाये. पाहुण्याइले गोळ्या दिसल्या, तर दम्याचं घर म्हणतीन."

"अहो, तुमची छाती वाजते ती मला ओसरीवरून ऐकू येते! पाहुणे काय बहिरे आहेत? आणि मुलीच्या मांडवात बाप नको का?"

"मंग तुमीच सांगा त्याइले," भाऊ चिडून म्हणाले.

"दुखणं तुमचं आहे, तुम्हीच सांगायचं. मी शेजारी येऊन बसते."

पाहुणे यायच्या दिवशी बाई दवाखाना बंद ठेवून एसटीने वरवटला गेल्या. मी बरोबर होतो. भाऊंनी चाचरत सांगितले. दमा आवरता येतो, हे बाईंनी समजावले. मुलाच्या वडिलांनी चहा संपवला, निरोप घेतला, आणि पुढे काही कळवले नाही.

सोयरीक मोडली. भाऊंच्या पत्नी दवाखान्यात येऊन सगळ्यांदेखत बाईंना नाही नाही ते बोलल्या. एरवी एका वाक्याला दोन वाक्ये ऐकवणाऱ्या बाई मान खाली घालून ऐकत राहिल्या. त्या दुपारी त्यांचा डबा तसाच परत गेला. मात्र भाऊ गोळ्या नियमाने घेऊ लागले. म्हणाले, "आता लपवाले काय राह्यलं?"

पुढच्या हंगामात बीबी गावाकडचे स्थळ आले. या वेळी भाऊंनी पोहे यायच्या आधीच दमा सांगून टाकला. त्या लोकांनी चौकशी केली, मुलगी पसंत केली. लग्नात भाऊ भर उन्हात पाहुण्यांच्या पंक्तींतून फिरत होते आणि त्यांना धाप लागली नव्हती. शांता पाया पडली, तेव्हा बाईंनी डोळे पुसलेले मी पाहिले.

कथा येथे संपली असती तर बरे झाले असते. महिन्याभरात भाऊ पुन्हा घरघरत हजर!

"गोळ्या?"

"पोरीचं लगन झालं ना, बाई. आता काऊन?"

बाईंच्या हातातले पेन भिंतीवर आपटले. "महादेवभाऊ, गोळ्या लग्नासाठी नव्हत्या, तुमच्यासाठी होत्या!" एवढे बोलून त्यांनी भाऊंना समोर बसवले आणि सारे पहिल्यापासून समजावायला घेतले. बाईंचा खरा मोठेपणा मला तेथे दिसला. त्या चिडल्या, पण कंटाळल्या नाहीत. आज भाऊ गोळी चुकवत नाहीत; निदान तसे सांगतात.

सत्काराला शाल आणि हार घेऊन येणाऱ्यांत बाईंचे रुग्णच अधिक असतील. त्यांना विनंती, बाईंना उदंड आयुष्य आणि निरोगी प्रकृती लाभावी असे मनापासून वाटत असेल, तर हार राहू द्या. सकाळची गोळी घेऊन या.