शेवयांची मशीन आणि मंदाबाईंची दोन बोटं

होळी झाली की वच्छलाबाई मेश्राम यांच्या ओसरीत पाय ठेवायला जागा उरत नाही. भिंतीला लागून डबे, पिशव्या, गाठोडी, आणि प्रत्येकात कुणाचा तरी रवा. काही नाकाडोंगरीचा, काही आंबागडचा, काही चिखल्याच्या खाणीच्या वसाहतीतून बसने आलेला. मधोमध शेवयांची मशीन आणि बाहेर अंगणात काठ्यांवर वाळत घातलेल्या शेवया. रवा लोकांचा, वीज आणि मेहनत वच्छलाबाईंची. किलोमागे दर ठरलेला आहे. तो कधी वाढवायचा यावर दरवर्षी गल्लीत चर्चा होते आणि बहुतेक वेळा तो वाढत नाही.

जिल्हा फुटला त्या वर्षी त्या लग्न होऊन इथे आल्या. माहेर तिरोड्याकडचं, ते गोंदिया जिल्ह्यात गेलं. सासर भंडाऱ्यात राहिलं. सासऱ्यांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली होती. त्यांच्या मुलाला, म्हणजे वच्छलाबाईंच्या नवऱ्याला, बाबुलालला, चिखल्याच्या खाणीत कायम नोकरी लागली आणि घरात दर महिन्याला पगार येऊ लागला. वच्छलाबाईंनी मशीन घेतली ती गरजेपोटी नव्हे. पगारातून मागितलेल्या प्रत्येक पैशाचा हिशोब द्यावा लागतो, तो त्यांना नको होता. बचत गटाच्या शिफारशीवर बँकेनं कर्ज दिलं आणि मशीन ओसरीत येऊन बसली.

एकट्यानं होणारं ते काम नाही. एकीनं रवा भिजवायचा, दुसरीनं मशीनच्या तोंडात गोळे सोडायचे, तिसरीनं खालून येणाऱ्या शेवया काठीवर झेलायच्या आणि उन्हात न्यायच्या. त्यासाठी तीन शेजारणी येत. ललिताबाई, गोदावरीबाई आणि भिंतीपलीकडच्या मंदाबाई. त्यांना मजुरी दिली जात नसे. पावसाळ्यात या तिघींच्या धानाच्या बांध्यांमध्ये रोवणा, म्हणजे भाताची लावणी, असे, तेव्हा वच्छलाबाई तिथे राबत. उन्हाळ्यात त्या इकडे येत. या भागात बायकांचं बरंचसं काम असंच बदल्यात चालतं. कुणी किती दिवस गेलं, कुणाचे किती राहिले, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण बोललं जात नाही.

मंदाबाईंचं घर जुनं शेतकऱ्याचं. नवरा दादाजी, दोन एकर धान. शेती पुरत नाही म्हणून मंदाबाई रोजगार हमीवर जात, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जात. मशीनवर गोळे सोडण्याचं काम त्यांच्याकडे होतं, कारण त्यांचा हात सर्वांत झपाट्याचा होता.

मशीन येऊन वर्ष झाल्यावर बँकेनं विमा मागितला. तुमसरहून एजंट आले. सगळे त्यांना भैय्याजी म्हणतात. ते चहाआधीच ओसरीत फिरले आणि एकेक प्रश्न विचारू लागले. घराचा विमा होता, पण तो राहत्या घराचा. त्यांनी समजावलं की घरात धंदा सुरू करून कंपनीला सांगितलं नाही, तर आग लागल्यावर पहिली विचारणा त्याचीच होते. घरगुती मीटरवर मशीन चालवू नका, वेगळं घ्या, असंही सांगितलं. मग भिंतीकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, हा रवा कुणाचा?

“गावाचा,” वच्छलाबाई म्हणाल्या.

“मंग गावाचा म्हणूनच लिहा लागते, बाई. तुमचा म्हणून लिहिला अन् जळला, तं गावाले काय देसान? शेवया?”

वच्छलाबाई हसत चहा टाकायला आत गेल्या. त्यानंतरचा प्रश्न बाबुलालच्या वाट्याला आला. कामाला बायका किती? बाबुलालनं तिघींची नावं सांगितली, रोज किती देता याचा आकडाही अंदाजानं सांगून टाकला. खाणीत त्यांनी बावीस वर्षं काढली होती. एका ट्रक ठेकेदाराकडच्या माणसाचा पाय गेला तेव्हा हजेरीत नाव नसल्यामुळे त्याला काही मिळालं नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. नाव कुठेतरी लिहिलेलं असावं, एवढंच त्यांना कळत होतं. त्यांच्या दृष्टीनं ते तिघींवर उपकारच करत होते.

वच्छलाबाईंनी आतून ऐकलं. भैय्याजी गेल्यावर त्या म्हणाल्या, “मजूर कायले सांगतलं? त्या का मजूर आहेत?”

“कागदावर काही तं लिवाच लागते. उद्या काही झालं तं कामी येईल.”

वच्छलाबाईंनी विषय सोडला. तिघींना मात्र सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते नव्हतं, आणि पुढे तीन वर्षं सांगायची वेळही आली नाही.

चौथ्या वर्षी, एप्रिलमध्ये, भर दुपारी वीज गेली. मशीनच्या तोंडात गोळा अडकला होता. मशीनचं बटण आतल्या खोलीत होतं, कारण ओसरीच्या भिंतीवर पावसाचे शिंतोडे येतात म्हणून बाबुलालनं ते तिथे बसवलं होतं. वीज गेली की बटण बंद करणं हे वच्छलाबाईंचं काम. त्या वेळी त्या अंगणात शेवयांवरच्या शेळ्या हाकत होत्या. मंदाबाईंनी अडकलेला गोळा काढायला तोंडात बोटं घातली आणि वीज आली.

तुमसरला पट्टी झाली, नागपूरला शस्त्रक्रिया झाली. उजव्या हाताचं मधलं बोट आणि अंगठ्याशेजारचं बोट, दोन्ही निम्म्यावर राहिली. रोवण्यात पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, चिमटीत धरून चिखलात खोचायचे असतात. ते काम या हातानं पुन्हा धड होणार नव्हतं, हे घरी आल्यावर दोन्ही घरांना कळलं.

भैय्याजी तातडीनं आले. कागद नीट आहेत, तिघींची नावं आहेत, हप्ता भरलेला आहे, असं त्यांनी सांगितलं. दवाखान्याचा खर्च निघून वर काही उरेल, एवढी भरपाई मिळू शकत होती. नागपूरहून चौकशीला माणूस येईल, त्याला मंदाबाईंनी इतकंच सांगायचं होतं की आपण तिथे रोजानं कामाला होतो.

दादाजींची काही हरकत नव्हती. मेश्रामांच्या घरी आपली बायको मजूर म्हणून लिहिली गेली यावर गावात दोनचार जण बोलले, तेव्हा ते म्हणाले, मजूर म्हटल्यानं अंगाला भोकं पडत नाहीत, पडली ती मशीननं पडली. ललिताबाई आणि गोदावरीबाई आपली नावं तिथे आहेत हे ऐकून थोड्या फुगल्या, पण पैसे येणार म्हटल्यावर त्यांचंही मत बदललं. नाही म्हणणाऱ्या एकट्या मंदाबाई होत्या.

त्यांना समजावायला वच्छलाबाई गेल्या. मंदाबाई अंगणात बसून डाव्या हातानं लाखोळीची डाळ निवडत होत्या. वच्छलाबाईंनी दवाखान्याचा खर्च सांगितला, पुढच्या रोवण्याची अडचण सांगितली, भैय्याजींनी पढवलं तसं सगळं सांगितलं. मंदाबाईंनी सूप खाली ठेवलं.

“माझं नाव लिवून देल्लं तवा तुले माहीत होतं का?”

“होतं.”

“अन् तीन साल तू माझ्या बांधीत येऊन राहिली. बोलली नाही.”

गावात जे बोललं जात होतं ते वच्छलाबाईंच्याही मनात होतं, आणि ते विचारल्याशिवाय त्यांना उठता येईना. त्यांनी विचारलं, “आमचं घर आहे म्हणून नाही म्हणतेस का?”

मंदाबाईंना राग आला नाही. निदान तो दिसला नाही.

“रोजगार हमीवर जाते, तेथं मजूर आहो. तेंदूपत्त्याले जाते, तेथंबी आहो. पाटलाच्या घरी लिवा म्हणा, आंगठा देते. तुझ्या घरी नाही. तुझ्या घरी मी कोणाच्या रोजानं आली नाही.”

वच्छलाबाई घरी आल्या. बाबुलालनं काय झालं ते विचारलं आणि ऐकून घेतलं. मग ते म्हणाले की हे हट्टाचं नाही, हाताचं काम आहे. चौकशीला येणारा माणूस दोघींना विचारेल. मंदाबाई अडल्या तरी घरमालकिणीनं मजुरी देत होतो असं सांगितलं, तर काम भागू शकेल. त्यांनी रोजाचा आकडा वच्छलाबाईंकडून दोनदा म्हणवून घेतला. खाणीत जबाब द्यायला जाणाऱ्या माणसाला असंच तयार करतात.

नागपूरचा माणूस मे महिन्यात आला. तरुण होता, घाईत नव्हता. त्यानं मशीन पाहिली, आतलं बटण पाहिलं, मंदाबाईंचा हात पाहिला. ओसरीत खुर्ची टाकून बसला. मंदाबाई दारापाशी जमिनीवर बसल्या. खुर्ची दिली होती, ती त्यांनी घेतली नाही.

रोज किती मिळत होता, असं त्यानं विचारलं.

“रोज नव्हता,” मंदाबाई म्हणाल्या.

त्याला वाटलं प्रश्न कळला नाही. त्यानं पुन्हा, सावकाश विचारलं. आठवड्यानं मिळत होता का, धान्यात मिळत होता का, शेवया मिळत होत्या का? घरी खायला शेवया नेत होत्या, मंदाबाईंनी सांगितलं, पण त्या कुणीही नेतं. भैय्याजी खोकले. तरुणानं लिहिणं थांबवलं आणि मजुरी नसेल तर या विम्यात भरपाई बसत नाही, हे साध्या शब्दांत समजावलं. त्यानं तसं करायची गरज नव्हती. मग तो वच्छलाबाईंकडे वळला.

बाबुलाल खिडकीशी उभे होते. आकडा वच्छलाबाईंच्या ओठांवर होता. तो सांगितला असता तर मंदाबाई खोट्या ठरल्या असत्या आणि पैसे मंदाबाईंनाच मिळाले असते. तो न सांगणं म्हणजे ज्या बटणाशी आपण वेळेवर पोचलो नाही, त्याची किंमत मंदाबाईंना भरायला लावणं. वच्छलाबाई पुढे म्हणतात की त्यांनी काही ठरवलं नव्हतं. मंदाबाई त्यांच्याकडे पाहत नव्हत्या.

“मी तिच्या बांधीत रोवणा करते,” त्या म्हणाल्या. “तिनं मले कधी रोज देल्ला नाही. मी तिले देल्ला नाही.”

तरुणानं ते लिहून घेतलं. चहा झाला. जाताना त्यानं मशीनवर झाकण आणि गोळा ढकलायला लाकडी दांडा करून घ्यायला सांगितलं.

दावा नामंजूर झाला. गावात याला शहाणपण म्हणणारं कुणी नव्हतं. दादाजींनी मेश्रामांकडे चहाला येणं बंद केलं. बाबुलाल बायकोशी कामापुरतं बोलत. दवाखान्याचा खर्च दोन्ही घरांनी मिळून उचलला. त्यात मंदाबाईंची एक म्हैस गेली आणि वच्छलाबाईंची त्या हंगामाची सगळी कमाई गेली. वच्छलाबाईंनी आणखी पैसे द्यायला काढले, ते मंदाबाईंनी घेतले नाहीत.

जुलैमध्ये रोवणे सुरू झाले तेव्हा वच्छलाबाई न बोलावता मंदाबाईंच्या बांधीत उतरल्या. मंदाबाई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून डाव्या हातानं पऱ्ह्यांच्या जुड्या त्यांच्याकडे फेकत होत्या. दुसऱ्या दिवशी मंदाबाईंनी ओळ वाकडी लागते आहे म्हणून सुनावलं आणि वच्छलाबाईंनी ती उपटून पुन्हा लावली. त्या वर्षीचा रोवणा असाच पूर्ण झाला. त्यानंतरच्या वर्षांचाही. बदल्याचा हिशोब धरला तर वच्छलाबाईंचे दिवस कितीतरी जास्त भरतात. तो हिशोब बाबुलालनं एकदा सांगून पाहिला.

पुढच्या हंगामाआधी भैय्याजी पुन्हा आले. या वेळी त्यांनी चौघींना एकत्र बसवलं. प्रत्येकीनं स्वतःच्या नावानं अपघाताचा विमा घ्यायचा, मग बोट कुणाच्या घरी गेलं, कुणाच्या कामावर गेलं, हे विचारलं जाणार नाही. हे आधीच का सांगितलं नाही, असं ललिताबाईंनी विचारलं. भैय्याजी म्हणाले, आधी मला सांगितलं होतं की तुम्ही मजूर आहात. जुना कागद चाळताना आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. त्या विम्यात तिघींची नावं होती, वच्छलाबाईंचं नव्हतं. मालकीण मजूर नसते. त्या दुपारी मशीनच्या तोंडात त्यांचा हात असता तर मागायलाही काही नव्हतं. हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, बाबुलालच्याही नाही.

भैय्याजींनी एकेकीला व्यवसाय विचारला. मंदाबाईंनी शेती असं सांगितलं. बाकी दोघींनीही तेच सांगितलं. वच्छलाबाई म्हणाल्या, शेवया.

बाबुलाल आता निवृत्त झाले आहेत. बटण ओसरीत आलं आहे, त्यावर पत्र्याचा छोटा छज्जा आहे. मशीनला झाकण आहे. गोळे ललिताबाई सोडतात, लाकडी दांड्यानं. मंदाबाई वजनकाट्याशी बसतात आणि कुणाचा रवा कुठला हे चुकू देत नाहीत. वीज गेली की बाबुलाल उठून बटण बंद करतात. ते काम त्यांना कुणी दिलेलं नाही.

“मांडा भाऊ,” मंदाबाई काट्यावरची नजर न काढता म्हणतात, “मांडा माझी हजेरी.”

बाबुलाल वीज येईपर्यंत बटणापाशीच उभे राहतात.